वादळात पडलेला फणस आणि सालीसकट कातलेली पाच भांडी : एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, फक्त गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ज्याने काम केलं त्याला इथे कारागीर म्हणतो, आणि ज्यांच्या वाडीतलं झाड होतं त्यांना काकू. मी स्वतः लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या मशीनवर, काम करतो, या कामात आधी फोनवर आणि नंतर हाताशी होतो. सविस्तर लिहितोय कारण नैसर्गिक साल ठेवून आतून पोकळ कोरलेलं भांडं म्हटलं की सगळे लेथ, हत्यारं, पॉलिश यावरच बोलतात, आणि या कामात जे जमलं आणि जे बिघडलं त्यातलं बहुतेक सगळं ओंडका लेथवर चढायच्या आधी किंवा लेथवरून उतरल्यानंतर ठरलं होतं.

पार्श्वभूमी

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. नारळ, सुपारी, आंबा, फणस, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकूंच्या परसातला जुना फणस मुळासकट उपटला गेला पण पूर्ण नाही, एका बाजूची मुळं मातीतच राहिली होती, त्यामुळे झाड आडवं पडूनही त्याची पानं बरेच दिवस हिरवी होती. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

काकू आणि त्यांची चार भावंडं, म्हणजे एकूण पाच जण. काकू गावात, एक भाऊ डोंबिवलीला, एक पुण्याला, एक बहीण रत्नागिरीत आणि धाकटी न्यू जर्सीला. झाड त्यांच्या आजोबांनी लावलेलं. वखारवाला जळणाच्या भावाने न्यायला तयार होता, पण सगळ्यांचं म्हणणं पडलं की प्रत्येकाच्या घरी त्या झाडाचं काहीतरी असावं. कारागिराने पूर्वी बाभळीचं एक भांडं केलं होतं, तोंडाला खडबडीत साल तशीच ठेवलेलं, ते काकूंनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "बाळा, तसंच कर हो, साल नको काढू, सालीवरूनच कळतं ना आपला फणस तो." मागणी एवढीच, पाच भांडी, सालीसकट, जमलं तर दिवाळीपर्यंत.

अडचण काय होती

पहिली अडचण वेळेची. नुकसानभरपाईसाठी पंचनामा व्हायचा होता आणि तो होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं. वर फणस हे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतलं झाड, पडलेलं असलं तरी तोडून दुसऱ्या गावी न्यायचं तर वनविभागाच्या ऑफिसात विचारून कागद करावे लागतात, ते कारागिराने नीट केले. लॉकडाऊन चालूच होता. आणि वीज, त्या पट्ट्यात वीज यायला कित्येक आठवडे गेले, म्हणजे ओंडका हातात असता तरी लेथ फिरणारच नव्हता.

दुसरी अडचण झाडाच्या पडण्याच्या वेळेची, आणि खरी गोम इथे आहे. साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक पातळ जिवंत थर असतो, तिथेच झाडाची वाढ होते. वाढ जोरात असते तेव्हा त्या थरातल्या नव्या पेशींच्या भिंती पातळ आणि पाण्याने भरलेल्या असतात, बोटाने ओढली तरी साल सुटते. थंडीत, वाढ मंद असताना तोडलेल्या झाडाची साल घट्ट बसते. हे झाड पडलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, म्हणजे साल टिकवायच्या दृष्टीने वर्षातली सगळ्यात वाईट वेळ. त्यात पावसात ओल्या जमिनीवर पडलेलं, खालच्या बाजूने बुरशी, आणि सालीखाली अंडी घालणारे किडे. त्यांच्या अळ्या साल आणि लाकूड यांच्या मधूनच पोखरत जातात, साल आपोआप उचलली जाते.

तिसरी अडचण सुकण्याची. लाकूड सुकताना सगळीकडे सारखं आखडत नाही. वर्तुळांच्या दिशेने जेवढं आखडतं त्याच्या साधारण निम्मं मध्यापासून बाहेरच्या दिशेने, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून आख्खा गोल ओंडका तडकतोच. सालीचं आखडणं आणखी वेगळं, त्यामुळे साल आणि लाकूड सुकता सुकता एकमेकांपासून सुटायला बघतात.

चौथी, पाच भांडी पाच वेगळ्या हवांमध्ये जाणार होती. हे सुरुवातीला कोणाच्याच डोक्यात नीट आलं नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात सेफ पर्याय म्हणजे साल पूर्ण काढायची, भांडी जाड कातून ठेवायची (व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा भिंत), सहा-आठ महिने सुकू द्यायची, मग परत लेथवर लावून फायनल करायची. कारागिराचा स्वतःचा कल याकडेच होता पण काकूंना साल हवी होती, आणि खरं सांगायचं तर त्यांची मागणी चुकीची नव्हती, त्या झाडाची ओळखच ती होती.

दुसरा, ओंडका तसाच शेडमध्ये ठेवून आधी सुकवायचा. हा पर्याय लोक फार सुचवतात. फूट-दीड फूट जाडीचा ओंडका सालीसकट सुकायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर टोकांपासून आतपर्यंत तडे गेलेले असतात, साल गळून पडलेली असते. लगेच बाद.

तिसरा, ओलं असतानाच एका दमात शेवटच्या पातळ जाडीपर्यंत कातायचं, साल ठेवून, आणि मग भांडं सुकताना जसं वाकडं होईल तसं होऊ द्यायचं. पातळ भिंत असली की लाकडाला ताण सोडायला वाव मिळतो, तडकण्याऐवजी ते वळतं. सालवाल्या भांड्यासाठी हाच मार्ग बरोबर, कारण जाड ठेवून परत कातायला गेलं तर तोपर्यंत तोंड अंडाकृती झालेलं असतं, साल सुकून ठिसूळ झालेली असते, आणि दुसऱ्यांदा लेथवर ती हमखास उडते.

चौथा पर्याय कारागिराला कोणीतरी सुचवला की साल आधी पूर्ण सोडवून वेगळी सुकव आणि भांडं तयार झालं की चिकटव. त्याने नकार दिला आणि मला तो नकार शंभर टक्के पटतो. सुटलेला तुकडा लगेच जागच्या जागी परत बसवणं वेगळं आणि वर्षाने दुसऱ्या मापाची साल आणून लावणं वेगळं, घेणाऱ्याला ते सांगायची हिंमत नसेल तर ते करूच नये.

ठरलं काय तर तिसरा पर्याय, पण पाचही भांड्यांना सरसकट नाही. जिथे साल धरून आहे तिथेच ठेवायची, जिथे नाही तिथे काढायची आणि सालीच्या खालचा नैसर्गिक पृष्ठभाग, तो जो लहरी लहरींचा असतो, तो तोंडाजवळ न कातता तसाच राहू द्यायचा. हे काकूंना आधी सांगितलं. त्या थोड्या नाराज झाल्या, मग म्हणाल्या, "चालेल, पण खोटी लावू नको." त्यांच्या या एका वाक्याने पुढची बरीच ओढाताण वाचली.

प्रत्यक्षात काय केलं

पंचनामा झाल्यावर पहिला निर्णय असा की आख्खं झाड एकदम तोडायचं नाही. मुळं अजून जिवंत होती म्हणून बुंध्याचा मुळाकडचा भाग झाडालाच ठेवला, फांद्या आणि वरचा भाग चेनसॉने वेगळा केला. मुळाला लागून असलेलं लाकूड ओलं राहतं, टोकं उघडी पडत नाहीत, तडे जात नाहीत, शेडमध्ये ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. वीज येईपर्यंत बुंध्याने अशी कळ काढली.

कापलेले ओंडके लागतील त्यापेक्षा दोन्ही टोकांना वीतभर लांब ठेवले, म्हणजे टोकाचे तडे नंतर कापून टाकता येतात. टोकांना मेण लावायचं होतं पण वीज नसल्यामुळे गावात मेणबत्त्याच मिळत नव्हत्या, मग फेविकॉलचे जाड थर दिले आणि वर जुना ऑइल पेंट. ओंडके जमिनीपासून उचलून फळ्यांवर, सावलीत, वर पत्रा. पावसाळी हवा इथे फायद्याची, टोकं सावकाश सुकतात. पण तीच हवा बुरशीलाही फायद्याची, म्हणून दर काही दिवसांनी फिरवून बघणं चालू होतं.

मग सालीची परीक्षा. फणस पिकलाय का बघायला जसं बोटांनी ठोकतात तसं प्रत्येक ओंडक्याची साल ठोकत जायचं, आवाज भरीव आला तर साल धरून आहे, पोकळ आला तर सुटली. खडूने खुणा केल्या. जमिनीला टेकलेल्या बाजूची साल जवळजवळ सगळी गेली होती. फांद्यांपैकी एकीची आणि बुंध्याच्या वरच्या बाजूची बरीच घट्ट होती. त्यावरून सालवाली तीन आणि बिनसालीची दोन असा हिशोब झाला.

भांड्याची दिशा हाही मोठा निर्णय होता. ओंडका उभा फाडून दोन भाग केले आणि तोंड सालीच्या बाजूला येईल असा लेथवर लावला, म्हणजे तोंडाची कड म्हणजेच साल. बरोब्बर मधला ठिसूळ भाग फाडतानाच काढून टाकला, कारण तो भांड्यात राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. फक्त फांदीचं भांडं उभ्या दिशेने केलं आणि मधला भाग तळात आला, तिथे तळ भिंतीइतकाच पातळ केला आणि मधोमध पातळ सुपरग्लू मुरवला.

लेथवरच्या कामात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तेलावरून. कोकणात फणस कापायचा तर हाताला आणि सुरीला खोबरेल लावतात, चिकट चीक लागू नये म्हणून. मदतीला असलेल्या पोराने सवयीने हत्यारांना आणि ओंडक्याच्या कडेलाही तेल लावलं, सालीखालून चीक येतच होता ना. दिसायला बरोबरच. पण सालीचा सांधा धरून ठेवायला त्यात पातळ सुपरग्लू सोडायचा होता आणि तेल लागलेल्या जागी तो पकडेचना. तो भाग पुसून, वरचा थर थोडा कातून काढून परत ग्लू सोडावा लागला, आणि तरीही पुढे साल नेमकी तिथूनच उडाली. त्यानंतर हत्यारं रॉकेलच्या फडक्याने पुसायची आणि ओंडक्याला तेलाचा थेंबही नाही असा नियम झाला.

ओंडका फेसप्लेटला (लेथवरची लोखंडी चकती) स्क्रूने घट्ट, बॅलन्स नसताना स्पीड मिनिटाला ३००-४०० फेऱ्यांच्या पुढे नाही, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, आणि उभं राहायचं ते फिरणाऱ्या ओंडक्याच्या रेषेत कधीच नाही. साल उडते ती सांगून उडत नाही. पोखरायच्या आधी सालीवरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, हे फार कामाला आलं. काप नेहमी सालीकडून सुरू करून लाकडाकडे न्यायचा, म्हणजे हत्याराचा दाब सालीला लाकडावर दाबतो. उलट्या दिशेने गेलात तर तुम्ही स्वतःच ती ढकलून काढताय.

आत पोखरताना आधी मधोमध ड्रिलने खोलीचं भोक, मग वाकड्या दांड्याच्या हत्याराने थोडं थोडं. तोंड अरुंद असलं की ओला भुगा आत गच्च बसतो, हत्यार अडकतं, म्हणून दर थोड्या वेळाने मशीन थांबवून भुगा काढायचा. भिंत ७-८ मिलिमीटर ठरली होती. तार वाकवून केलेल्या कॅलिपरने (जाडी मोजायचा चिमटा) मोजत होतो, पण एका भांड्यात खांद्याखालचा भाग हत्याराला पोचत नव्हता आणि तिथे नि तळाला जाडी १४ मिलिमीटरच्या आसपास राहिली. कारागीर दमला होता, संध्याकाळ झालेली, वीज कधीही जाईल अशी. त्याने तेवढ्यावर सोडलं. हे पुण्याला जाणारं भांडं.

सुकवणं आणि काय झालं

कातलेली भांडी त्यांच्याच ओल्या भुग्यात, कागदी पिशव्यांत, खोक्यात ठेवली. दर आठवड्याला वाण्याकडच्या वजनकाट्यावर वजन आणि पिशवीवरच पेनाने नोंद. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं, असा सगळ्यांचा ठोकताळा. सप्टेंबरच्या शेवटी वजनं थांबली, सगळे खूश.

पण वजन थांबणं म्हणजे लाकडाचा आजूबाजूच्या हवेशी समतोल झाला, एवढंच. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड साधारण १८ टक्के पाणी धरून तिथेच थांबतं. तेच लाकूड ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत नेलं तर ६ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत परत आखडत राहतं. कोकणातल्या पावसाळ्यात "सुकलेलं" भांडं पुण्याच्या मार्च महिन्यासाठी ओलंच असतं.

काकूंचं भांडं, फांदीचं, गावातच राहिलं, साल सगळी शाबूत, तोंड छान वळलंय, पाचांत देखणं तेच. डोंबिवलीच्या भांड्याची तळहाताएवढी साल कातताना उडाली, तेलाच्याच जागी, ती लगेच शोधून जागच्या जागी बसवली, सांधा बारीक बघितला तर कळतो, आणि भावाला तसं सांगूनच दिलं. तिथली हवाही दमट, काही त्रास नाही.

पुण्याचं दिवाळीला दिलं. मार्चमध्ये फोन आला, तोंडापासून खांद्यापर्यंत तडा, सालीच्या बाजूनेच. माझ्या मते दोन कारणं एकत्र आली. एक तर जाडी सारखी नव्हती, पातळ भाग लवकर आखडला आणि जाड भाग त्याला जाऊ देईना. दुसरं, ते घाईने दमट हवेतून कोरड्या हवेत गेलं. नुसती जाडी किंवा नुसती हवा असती तर कदाचित वाचलं असतं. भावाने परत पाठवायला नकार दिला, तडा आहे तसाच ठेवलाय. कारागिराला ते अजून खुपतं.

रत्नागिरीच्या बिनसालीच्या भांड्यात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त होतं. फणसाचा पिवळा गाभा कीड सहसा धरत नाही, पण पांढऱ्या भागात स्टार्च असतो आणि पीठ पाडणारे किडे त्याच्यासाठीच येतात. जानेवारीत बहिणीला भांड्याखाली पिठासारखा भुसा दिसला. भांडं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ओळखीच्या मासळीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं, काढल्यावर प्लास्टिक लगेच न उघडता आधी बाहेरच्या तापमानाला येऊ दिलं, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. नंतर भुसा पडला नाही, भोकं तेवढी राहिली.

न्यू जर्सीचं सगळ्यात विचार करून केलं, आणि ते मुळात उशिरा पाठवायचं ठरल्यामुळे. तिथे थंडीत हीटर चालू असतो, घरातली हवा अगदी कोरडी होते. शिवाय परदेशात लाकडी वस्तू जाताना सालीखाली कीड असू शकते म्हणून सालवाल्या वस्तूंवर क्वारंटाइनची, म्हणजे बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून तपासणाऱ्यांची, नजर जास्त, त्यामुळे बिनसालीचं भांडं तिकडे द्यायचं हे आधीच ठरलं. जुन्या बंद पडलेल्या फ्रीजमध्ये बल्ब लावून, वर-खाली हवेला भोकं पाडून त्यात ते सावकाश सुकवलं, वजन परत उतरायला लागलं आणि मग खरंच थांबलं. तिथला पहिला हिवाळा त्याने तडा न जाता काढला.

फिनिश सगळ्यांना उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात. सालीला काहीच नाही. आत पाणी घालायचं नाही, फुलं ठेवायची तर आत काचेची नळी, हे प्रत्येकाला लिहून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

दिवाळीची तारीख कबूल करायलाच नको होती. जूनमध्ये पडलेल्या ओल्या फणसाचं भांडं नोव्हेंबरमध्ये कोरड्या गावी देणं हा सगळ्यात महाग पडलेला निर्णय. "यंदा दिवाळीला फोटो, भांडं पुढच्या वर्षी" असं म्हटलं असतं तर काकू ऐकल्या असत्या, त्या ऐकणाऱ्या होत्या.

बल्बवाला फ्रीज पाचही भांड्यांना लावता आला असता. खर्च जवळजवळ शून्य. पण त्यावेळी तो फक्त परदेशी जाणाऱ्या भांड्यासाठी "स्पेशल" वाटला, पुणं घाटापलीकडे असूनही घरचंच वाटलं.

जाडी राहिलेलं भांडं त्या संध्याकाळी सोडलं ते थांबवायला हवं होतं. ओलं लाकूड रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून लेथवरच ठेवता येतं, सकाळी ताज्या हाताने आणि धारदार हत्याराने पुढे. पातळ करता येत नसेल तर आकार बदलावा, खांदा कमी गोल घ्यावा म्हणजे हत्यार पोचतं.

पांढऱ्या भागाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी ओलं असतानाच द्यायला हवं होतं. ओल्या लाकडात ते आपोआप आत मुरतं, सुकल्यावर वरवर राहतं.

सालीच्या बाबतीत मात्र मला वाटतं याहून फार जास्त करता आलं नसतं. कोणी म्हणेल ओंडके लगेच कातायला हवे होते, बरोबर आहे, पण वीज नव्हती आणि पंचनामा बाकी होता. पाचही भांड्यांना साल ठेवायचा हट्ट धरला असता तर अजून दोन भांडी बिघडली असती असं माझं स्पष्ट मत आहे. कारागीर आता सालवाल्या भांड्यासाठी मार्गशीर्ष-पौषात पडलेलं किंवा छाटलेलं झाडच घेतो, पावसाळ्यातल्या झाडासाठी लोक आले तर आधी ठोकून दाखवतो आणि किती साल राहील ते तोंडावर सांगतो. काकूंच्या बुंध्याचा जो भाग मुळाला ठेवला होता, त्याच्या नंतर वखारीत फळ्या पाडल्या, त्यातून पाट आणि काकूंचा देव्हारा झाला, आणि उरलेल्या दोन जाड फळ्या पुण्याच्या भावाच्या नावाने बाजूला ठेवल्यात. त्यातून त्याला नवीन काहीतरी करून द्यायचंय, यावेळी तारीख ठरलेली नाही.